30 सप्टेंबरनंतर आलेली मुलं

मी ग्रामपंचायतीवर निवडून आले ती जानेवारी 2021 च्या निवडणुकीत. पहिली अडीच वर्षं मी मासिक सभेला जायची, चहा प्यायची, प्रोसिडिंगवर सही करायची आणि घरी येऊन भाकरी टाकायची. हे आधीच सांगून मोकळी होते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाई पहिल्यापासून फार जागरूक होती.

गाव नाशिक तालुक्यातलंच, गिरणाऱ्याच्या पुढं. नाव सांगत नाही, उगाच चावडीवर चर्चा नको. एक गावठाण, दोन पाडे आणि द्राक्षाच्या मळ्यांमधून विखुरलेल्या वस्त्या. पेसातलं, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्यातलं गाव, त्यामुळं सरपंच आदिवासी समाजातल्या. आमच्या सासऱ्यांची दोन एकर बाग आहे. म्हणजे ज्या मजुरांच्या मुलांबद्दल लिहायला बसले आहे, त्यातली काही दरवर्षी आमच्याच मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात राहतात. हेही आधीच सांगितलेलं बरं.

ऑक्टोबर 2023. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचे दिवस होते. ‘आमचं गाव, आमचा विकास’चा नियम असा की आधी बालसभा, महिलासभा, वॉर्डसभा घ्यायच्या आणि मग ग्रामसभेत आराखडा मंजूर करायचा. कागदावर हे सगळं दरवर्षी होतच होतं. बालसभा म्हणजे शाळेच्या ओट्यावर पोरं बसवायची, मागं बॅनर धरायचा, फोटो काढून अपलोड करायचा. त्या वर्षी भाऊसाहेबांचं प्रशिक्षण होतं, म्हणून फोटोचं काम माझ्याकडं आलं. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. 2024 पासून त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आमच्या तोंडी भाऊसाहेबच.

वरच्या पाड्यावरची अंगणवाडी तेव्हा मिनी होती. मिनीला मदतनीस नसते, झाडण्यापासून वजनं करण्यापर्यंत सगळं सेविका एकटी करते. मी पोचले तेव्हा खिचडी वाढणं चालू होतं. आत वीस-बावीस मुलं, आणि दाराबाहेर पायरीवर आणखी सात-आठ. एक चारेक वर्षांची पोरगी कडेवर भावाला घेऊन उभी होती. तो तिच्याहून फार लहान नव्हता, त्यामुळं ती एका बाजूला पार वाकली होती. तिच्या हातात ताटली नव्हती, झाकण होतं. डब्याचं झाकण.

मी म्हटलं, “यांना आत का नाही बसवलं?”

“ही माझ्या पटावरची नाहीत ताई. द्राक्षाला आलेल्यांची आहेत. सुरगाण्याकडची.”

“मग जेवण?”

“देते ना. पातेल्यात पाणी वाढवते.”

तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मीठ कमी पडलं की घालते, इतक्या सहज सांगितलं. अंगणवाडीतल्या साध्या मुलामागं पोषण आहाराला तेव्हा दिवसाला 8 रुपये असायचे, 2017 साली ठरलेला दर. त्या आठ रुपयांत पाणी वाढवून ती बावीस जणांचं तीस जणांना पुरवत होती. या मुलांची नावं मोबाईलवरच्या सरकारी नोंदीत त्यांच्या त्यांच्या गावच्या अंगणवाडीत. तिकडून कुणी पुढं पाठवलं तर इकडं येतात. पण दिवाळीआधी रातोरात पिकअपमध्ये बसून गेलेल्या माणसांच्या मागं तिकडची सेविका तरी किती धावणार?

बालसभेचा फोटो काढला. पायरीवरची मुलं फ्रेममध्ये येत होती, ती मी बाजूला करायला सांगितली. खरंच सांगितलं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की फोटोत पटावरचीच मुलं दिसावीत.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अर्धं पोतं तांदूळ देऊ या. दिले. महिनाभर चालले.

मग मी भाऊसाहेबांकडं मागच्या तीन वर्षांची कीर्द मागितली. मी बी.कॉम. आहे, नाशिकला हिशेबनिसाचं काम दोन वर्षं केलंय, त्यामुळं आकड्यांची भीती नाही. भाऊसाहेब म्हणाले, “ताई, ऑडिट झालंय सगळं, काळजी करू नका.” म्हटलं, काळजी नाही हो, नुसतं वाचायचंय. तीन वेळा गेले तेव्हा नमुना 5, म्हणजे ती जमाखर्चाची रोकडवही, हातात पडला. लेकीच्या चौकटीच्या वहीत सगळं उतरवून घेतलं.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी वगैरेतले, 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के, ते वेगळे. आमचे ते 10 टक्के म्हणजे वर्षाला पन्नास-साठ हजार. त्यातून काय झालं होतं? एका वर्षी 31,000 च्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ग्रामपंचायतीच्या हॉलसाठी, कारण तिथं महिलासभा भरते. एका वर्षी आठ मार्चचं हळदीकुंकू आणि स्टीलचे डबे. त्यातला एक डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी शेंगदाणे ठेवते. एका वर्षी शिलाई मशीन प्रशिक्षण. ‘महिला’ कशातही सापडत होत्या. ‘बाल’ तीन वर्षांत एकदा, 15 ऑगस्टच्या खाऊत.

खुर्च्या वाईट नाहीत, मी स्वतः त्यावर बसते. पण मत मूल देत नाही, आई देते. आणि आईला डबा दिला की तो दिसतो.

वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या, पैशाकडं वळले तर तिथं आणखी गंमत. आराखडा भरताना प्रत्येक काम नऊपैकी कुठल्या तरी संकल्पनेखाली टाकावं लागतं, त्यातली एक ‘बालस्नेही गाव’. मला वाटलं, चला, निदान इथं तरी काही असेल. होतं. चावडीसमोरचे पेव्हर ब्लॉक. विचारलं तर उत्तर मिळालं, गावठाणातल्या अंगणवाडीला जायचा रस्ता तिथूनच जातो.

मी वहीत गावाचा कच्चा नकाशा काढला आणि तीन वर्षांतलं प्रत्येक काम जिथं झालं तिथं फुली मारली. गावठाणावर फुल्यांची गर्दी. खालच्या पाड्यावर दोन. वरच्या पाड्यावर एक, सौरदिवा, आणि तोही बंद. मळ्यांवर काहीच नाही. कुणी मुद्दाम ठरवून केलं होतं असं मला वाटत नाही. सभा गावठाणात, ती दुपारी, बोलणारे गावठाणातले. काम जिथं बोलणारा तिथं.

वरच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी हा सगळा प्रकार माझ्याहून आधीपासून जाणून होते. त्यांनी मला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचं कोष्टक दाखवलं. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये. 31 पासून 100 पर्यंत 25,000. त्यांचा पट 28.

“वहिनी, तीन पोरं उसनी द्या,” ते हसत म्हणाले. “पंधरा हजार वाढतात. छत गळायचं थांबेल.”

“द्राक्षवाल्यांची येतात ना तुमच्याकडं? त्यांच्यात शाळेच्या वयाची सहा-सात तरी असतील.”

“बसवतो की. कुणी गावच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड घेऊन येतं, कुणी नुसतंच येतं. पण पट धरतात तो 30 सप्टेंबरचा.”

एवढं बोलून ते गप्प बसले. मलाही क्षणभर लक्षात आलं नाही, आणि मग आलं. आमच्याकडं द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरात जोर धरते. छाटणी, पेस्टिंग, मग डिपिंग, विरळणी, आणि मार्चपर्यंत काढणी. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून माणसं येतात ती या कामाला. वर्षातला मुलं मोजायचा दिवस 30 सप्टेंबर, आणि आमच्याकडची मुलं येतात त्यानंतर. मार्चअखेर जातात. सहा महिने आमच्या शाळेत बसतात आणि आमच्या शाळेच्या लेखी ती नसतातच. त्यांच्या गावच्या शाळेच्या लेखी असतात, पण तिथं ती बसत नाहीत. त्या शाळेचे पैसे काढून आम्हाला द्या असं म्हणायची माझी छाती नाही. ती शाळा आमच्याहून अडचणीतली असणार.

मग मला जिथं तिथं तेच दिसायला लागलं. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे वाटताना लोकसंख्या धरली ती 2011 च्या जनगणनेची. 2023 साली आमच्या तिन्ही अंगणवाड्यांत मिळून ऐंशीच्या आसपास मुलं होती. त्यातलं एकही 2011 साली जन्मलेलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या नावानं एक रुपया मोजलेला नाही, त्यांना मिळतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यामागं आलेलं. हे मी जेवताना घरात बोलले तर सासरे म्हणाले, “अगं, सगळ्या गावांचं तसंच आहे.” बरोबर आहे, सगळ्यांचं तसंच आहे. पण 2011 नंतर जे गाव वाढलं आणि जे रिकामं झालं, त्या दोघांचं सारखं कसं?

महिलासभेत मी वही उघडली. बायकांना नकाशाच्या फुल्या लगेच कळल्या, समजावून सांगावं लागलं नाही. वरच्या पाड्यावरच्या एका आजीनं विचारलं, “आमची फुली कुठली?” मी बंद दिव्यावर बोट ठेवलं तर त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

ग्रामसभा मात्र सोपी गेली नाही. मी तीन मागण्या मांडल्या. वरच्या पाड्याच्या अंगणवाडीसमोर पत्र्याची शेड आणि ओटा. हात धुवायचे नळ आणि लहान मुलांचं स्वच्छतागृह. आणि 10 टक्क्यांतून ऑक्टोबर ते मार्च, पटावर नसलेल्या मुलांचा खाऊ. तिसऱ्याचा हिशेब मी करूनच नेला होता: बारा मुलं, आठ रुपये, दीडशे दिवस. 14,400 रुपये. खुर्च्यांच्या निम्म्याहून कमी.

एक मोठे बागायतदार उठले. मोठे म्हणजे वयानंही. “घरपट्टी आम्ही भरायची आणि बाहेरगावच्या पोरांना खाऊ घालायचा?”

मी काही बोलणार तेवढ्यात सरपंचबाई बोलल्या. त्या सभेत फारशा बोलत नाहीत. “अण्णा, बारातली चार तुमच्या शेडातली आहेत. नावं वाचू का?”

सभा हसली. अण्णाही हसले, जरा उशिरानं. पुढं म्हणाले, “तीन या ताईंच्या शेडातली असतील.” तेही खरं होतं.

दुसरा विरोध मला जास्त लागला, कारण तो गावच्या तरुण पोरांचा होता आणि त्यांचं चुकलेलं नव्हतं. ही पोरं पहाटे पाचला गिरणाऱ्याच्या रस्त्यावर धावतात, पोलीस भरतीसाठी. त्यांना व्यायामशाळा हवी होती. “वहिनी, लहान पोरांचं सगळं बघता, आम्ही काय गावाचे नाही का?” मी कीर्द चाळलेली होती, त्यामुळं मला ठाऊक होतं की ‘महिला व बाल’ असं खातं आहे, ‘युवा’ असं काही नाही. अठरा वर्षं झाली की मूल आमच्या हिशेबातून उतरतं आणि मतदार यादीत चढतं. व्यायामशाळेचं अनुदान क्रीडा विभागाकडून, अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं, तिथं सगळ्या जिल्ह्याची रांग. हे त्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी टोलवतेय.

तेव्हा मागून एक मुलगी बोलली. गावठाणातलीच, बी.ए. करून बसलेली, भरतीचा अभ्यास करणारी. म्हणाली, “व्यायामशाळा झाली तरी मला संध्याकाळी तिथं कोण जाऊ देणार आहे? शाळेची एक खोली सात ते नऊ उघडा. दोन ट्यूब, चार टेबलं आणि पुस्तकांना कपाट द्या. पळायला रस्ता आहेच.” पोरं चिडली, पण खर्च इतका थोडा होता की कुणाला नाही म्हणता येईना. ते अबंधितमध्ये, म्हणजे वित्त आयोगाच्या ज्या पैशाचं काम गाव ठरवतं त्यात, बसलं. खोली उघडायला मात्र पैशापेक्षा किल्लीनं जास्त वेळ घेतला. मुख्याध्यापकांचं म्हणणं, काही हरवलं तर जबाबदार कोण? तीन आठवडे त्या किल्लीसाठी ठराव, पत्र, तोंडी आश्वासन असं चाललं. आज ती किल्ली त्या मुलीकडं असते.

मग पंचायत समितीच्या फेऱ्या. सकाळची एसटी, नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरायचं, तिथून पायी. साहेब मीटिंगला, साहेब जिल्हा परिषदेत, साहेब साइटवर. अशा बाकड्यावर बसलेलं असतानाच एका विस्तार अधिकाऱ्यांनी मला एक गोष्ट शिकवली, जी अडीच वर्षांत कुणी सांगितली नव्हती. मी सगळी मागणी अबंधित निधीत टाकली होती आणि तिथं पैसे उरतच नव्हते. ते म्हणाले, “ताई, वित्त आयोगाचे 60 टक्के बंधित असतात, पाणी आणि स्वच्छतेला. नळ आणि स्वच्छतागृह हे पाणी आणि स्वच्छताच आहे ना? अंगणवाडीचं असलं म्हणून काय झालं? तिकडं टाका. शेड पेसातून घ्या.” पेसाचा निधी म्हणजे आदिवासी उपयोजनेच्या रकमेतला 5 टक्के थेट ग्रामपंचायतीला, आदिवासी लोकसंख्येप्रमाणं. तो पाड्यावर जायलाच हवा होता. आमच्याकडं त्यातून गावठाणाच्या वेशीपर्यंतचा रस्ता झाला होता. वेशीपर्यंत.

पाच मिनिटांचं बोलणं. त्यासाठी चार फेऱ्या.

2024 हे वर्ष आचारसंहितेत गेलं. मार्चमध्ये लोकसभेची लागली, नाशिकचं मतदान 20 मे ला. पावसाळ्यात पाड्यावर वाळूचा ट्रक चढत नाही. ऑक्टोबरात विधानसभेची लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. काम सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. तोवर बालसभेच्या फोटोतली पाच-सहा मुलं पहिलीत गेली होती, आणि पायरीवरची ती पोरगी त्या वर्षी आलीच नाही. तिचे आई-बाप दिंडोरीकडं गेले असं कुणी म्हणालं.

शेड झाली. ओटा झाला. गवंड्यानं नळ बसवले ते मला दाखवायला त्यानं मुद्दाम बोलावलं. पांढऱ्या टाइल्स, चार पितळी नळ, काम सुरेख. सेविका माझ्या शेजारी उभी राहून काहीच बोलेना. मग तिनं आतून एक तीन वर्षांचा पोरगा आणला आणि नळाखाली उभा केला. नळ त्याच्या कपाळाच्या वर. त्यानं हात उंच केले, बोटं तोटीला टेकली, आणि पाणी सोडलं असतं तर सगळं बाहीतून बगलेत गेलं असतं.

गवंडी म्हणाला, “अंदाजपत्रकात उंची लिहिलीच नव्हती, ताई. मी आपली नेहमीची घेतली.”

त्याचं चुकलं नव्हतं. अंदाजपत्रक मी दोनदा वाचलं होतं, आणि रकमाच वाचल्या होत्या. सेविकेनं मुलांची रांग लावली, खडूनं भिंतीवर प्रत्येकाच्या कोपराला खूण केली, आणि मधली खूण धरून दोन नळ खाली घेतले. दोन तसेच ठेवले, पुन्हा फोडायचे पैसे नव्हते. ते मोठ्यांना पाय धुवायला होतात. टाइल्सच्या मधोमध सिमेंटचे दोन राखाडी चौकोन अजून दिसतात. स्वच्छतागृहाचं दार हे लिहीपर्यंत लागलेलं नाही.

खाऊचे पैसे ठरल्याप्रमाणं त्या हंगामात खर्च झाले. सेविका वहीच्या मागच्या पानावर ती नावं वेगळी लिहायची. पुढच्या पानांवर पटावरची.

2025 च्या उन्हाळ्यात लेखापरीक्षण झालं आणि माझ्या 14,400 वर आक्षेप निघाला. ‘सदर लाभार्थी ग्रामपंचायत क्षेत्रातील रहिवासी असल्याचा पुरावा आढळून येत नाही.’ खुर्च्यांवर आक्षेप नव्हता, त्यांची तीन दरपत्रकं व्यवस्थित जोडलेली होती. भाऊसाहेब वैतागले, आणि त्यांचाही इलाज नव्हता, अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, त्यांनाच द्यायचं होतं. म्हणाले, “ताई, तुम्हीच घातलंत, तुम्हीच पुरावा आणा.”

मी वहीचं मागचं पान घेऊन बसले. बारा नावं, वडिलांचं नाव, वय. शेवटच्या रकान्यात राहण्याचा पत्ता. अण्णांकडं गेले, त्यांनी चौघांसमोर आपल्या शेताचा गट नंबर लिहून दिला आणि सहीही केली. बाकीच्या दोन मळेवाल्यांनी एक दिवस विचार करून केली. उरलेल्या तिघांसमोर मी आमचा गट नंबर लिहिला, पुढं ‘पत्र्याची शेड’, आणि सासऱ्यांना चष्मा आणून दिला.